कार्यवाचक भाषा आणि पेटंट परीक्षक : अमेरिकी पेटंट कायद्यातील एका वादाचा इतिहास (१८३६–२०२४)

प्रस्तावना

पेटंटच्या अर्जात दोन प्रकारचे लेखन असते. संशोधकाने काय शोधले, ते कसे बनवावे आणि कसे वापरावे याचे सविस्तर वर्णन 'विनिर्देशा'त असते; तर त्यातील नेमक्या कोणत्या गोष्टीपासून इतरांना दूर ठेवण्याचा हक्क तो मागत आहे, हे अखेरीस दिलेल्या 'दाव्यां'मध्ये सांगितलेले असते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमेला जे स्थान, तेच पेटंटमध्ये दाव्याला. फरक इतकाच की येथील बांध शब्दांचे असतात, आणि शब्दांचे बांध सरकविणे दगडमातीच्या बांधांपेक्षा पुष्कळ सोपे असते.

हे बांध दोन रीतींनी घालता येतात. पाणी उपसण्याच्या यंत्राचे उदाहरण घ्यावे. 'दोन झडपा व एक दट्ट्या बसविलेले नळकांडे' असे लिहिले तर वस्तूची रचना कळते. 'पाणी खालून वर आणणारे साधन' असे लिहिले तर मोट, रहाट, हातपंप, विजेवर चालणारा पंप हे सर्व त्यात सामावते. इतकेच नव्हे, तर अद्याप कोणाच्याही कल्पनेत न आलेले यंत्रही त्यात येते. पहिली भाषा रचनावाचक, दुसरी कार्यवाचक. वस्तू 'काय आहे' हे न सांगता ती 'काय करते' एवढेच सांगणारी ही दुसरी भाषा दावा लिहिणाऱ्या वकिलाला नेहमीच प्रिय राहिली आहे. त्यामागे केवळ लोभ असतो असे मानण्याचे कारण नाही. एखाद्या खऱ्या शोधाचे सार त्याच्या खिळ्या-स्क्रूंत नसते. ते कार्यातच असते, आणि फक्त रचना लिहिली तर नक्कल करणारा एक खिळा बदलून मोकळा होतो.

अशा भाषेचे मूल्यमापन पेटंट परीक्षकाने कसे करावे, आणि ती पद्धत कोणत्या निवाड्यांतून घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेची निवड करण्याचे कारण असे की तेथे हा वाद सुमारे पावणेदोनशे वर्षे चालला आणि त्याची दखल घेऊन तेथील काँग्रेसला कायद्यात स्वतंत्र परिच्छेद घालावा लागला.

परीक्षकाचे पद

अमेरिकेचा पहिला पेटंट कायदा १७९० चा. त्यानुसार अर्ज तपासण्याचे काम परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री आणि महान्यायवादी अशा तिघांच्या मंडळाकडे होते. टॉमस जेफरसन हे त्यांपैकी एक. राज्यकारभाराच्या धुरा वाहणाऱ्या माणसांना पोटॅशच्या भट्ट्या तपासण्यास सवड मिळणे कठीण होते. १७९३ च्या कायद्याने ही तपासणी काढून टाकली आणि पेटंट देणे ही निव्वळ नोंदणी झाली. परिणामी एकाच वस्तूवर अनेकांची पेटंटे, जुन्याच वस्तूंवर नवी पेटंटे आणि त्यांतून खटले अशी स्थिती उद्भवली. मेन राज्याचे सिनेटर जॉन रगल्स यांच्या पुढाकाराने ४ जुलै १८३६ रोजी नवा कायदा झाला, पेटंट कार्यालय स्वतंत्र झाले आणि अर्जाची गुणदोषांवर छाननी करणारा वेतनी परीक्षक हे पद अस्तित्वात आले. आपल्या शोधाचा कोणता भाग, सुधारणा वा संयोग आपण स्वतःचा म्हणून मागतो हे अर्जदाराने नेमकेपणाने दाखवावे, असे बंधन याच कायद्याने घातले. १८७० च्या कायद्याने त्यात 'स्पष्टपणे' दावा करण्याची भर घातली.

त्या काळी अर्जासोबत यंत्राची छोटी प्रतिकृती द्यावी लागे. १८७० मध्ये कायद्यातील ही सक्ती गेली आणि १८८० मध्ये कार्यालयानेही सर्रास प्रतिकृती मागणे थांबविले. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. प्रतिकृती समोर असताना शब्द सैल असले तरी वस्तू डोळ्यांना दिसत असे. ती गेल्यानंतर परीक्षकाकडे चित्रे आणि वाक्ये एवढेच उरले.

मोर्स यांचा आठवा दावा

सॅम्युएल मोर्स यांना तारयंत्राचे पेटंट १८४० मध्ये मिळाले आणि पुढे त्याची दोनदा फेरमंजुरी झाली. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश गेला आणि तारयंत्राचे मोल सर्वांना कळले. हेन्री ओ'रायली हे आरंभी मोर्सपक्षाशी करार करून तारा टाकणारे कंत्राटदार. नंतर संबंध बिघडले आणि ओ'रायली यांनी दुसऱ्या पद्धतीचे यंत्र वापरून केंटकीतून आपली तार चालविली. मोर्स यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयात ते जिंकले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

मोर्स यांच्या पेटंटातील पहिले सात दावे यंत्राच्या रचनेशी, मंडलांच्या जोडणीशी आणि ठिपके-रेषांच्या लिपीशी निगडित होते. आठव्या दाव्यात मात्र त्यांनी सांगून टाकले की वर वर्णिलेल्या यंत्रसामग्रीपुरते आपण स्वतःला बांधून घेत नाही. विद्युतप्रवाहाची चालकशक्ती कोणत्याही प्रकारे वापरून दूर अंतरावर वाचता येतील अशी चिन्हे उमटविणे, हाच आपला शोध आहे. म्हणजे रचनेचा बांध त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून टाकला आणि केवळ परिणाम मागितला.

सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी १८५४ च्या निकालात हा दावा अमान्य केला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा : मोर्स यांच्या विनिर्देशातील एकही भाग न वापरता दूरवर लिहिण्याची रीत उद्या कोणी शोधून काढील, ती अधिक साधी, अधिक स्वस्त असेल, आणि तरीही आठवा दावा टिकला तर त्या शोधकाला मोर्स यांची परवानगी मागावी लागेल. ज्या रीतीचे वर्णन दिले नाही, जी शोधलीही नाही, तिच्यावर हक्क सांगणे कायद्यात बसत नाही. बाकीचे दावे टिकले आणि ओ'रायली यांचे यंत्र त्यांच्या कक्षेत येते असेही ठरले. विजय मोर्स यांचाच झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे. न्यायालयाने शोधकाला नाकारले नाही, त्याच्या एका वाक्याला नाकारले. न्यायमूर्ती ग्रिअर यांचे मत आठव्या दाव्यापुरते वेगळे होते. जो एखादी संपूर्ण कलाच जगाला देतो त्याने त्या कलेवर हक्क का सांगू नये, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आजही निरर्थक झालेला नाही.

१८८८ च्या टेलिफोन खटल्यांत ग्रॅहॅम बेल यांचा पाचवा दावा न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी मान्य केला, तेव्हा मोर्स यांच्या निकालाशी त्याचा मेळ कसा घालावा हा पेच पडला. न्यायालयाचे उत्तर असे होते की बेल यांनी विजेचा कोणताही वापर मागितला नव्हता. ध्वनीमुळे हवेत उठणाऱ्या कंपनांशी जुळणारे चढउतार विद्युतप्रवाहात निर्माण करण्याची विशिष्ट क्रिया त्यांनी सांगितली होती आणि तेवढीच मागितली होती. एका मताच्या फरकाने सुटलेला हा पेच सीमारेषा किती बारीक आहे याची कल्पना देतो.

दिव्याची तार आणि सुताराचा सरस

पुढील तीन प्रकरणांत वस्तू लहान होत्या, पण प्रश्न तोच होता. सॉयर आणि मॅन या जोडीने विजेच्या दिव्यासाठी कार्बनी कागदाची तार वापरली आणि दावा केला तो सर्व तंतुमय व वस्त्रजन्य द्रव्यांच्या कार्बनी तारेवर. दरम्यान एडिसन यांनी वनस्पतिजन्य पदार्थांवर असंख्य प्रयोग करून बांबूच्या विशिष्ट जातींपर्यंत मजल मारली होती. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॉयर-मॅन यांचा दावा नाकारला. सर्व तंतुमय द्रव्यांत दिव्याला उपयुक्त असा एखादा समान गुण त्यांनी शोधला असता तर गोष्ट वेगळी होती; बहुतेक तंतू निरुपयोगी निघाले, आणि उपयोगी कोणते हे शोधण्याचे कष्ट दुसऱ्याने घेतले.

१९२८ चे पर्किन्स ग्लू कंपनीचे प्रकरण मराठी वाचकाला सहज कळण्याजोगे आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटविण्यासाठी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला सरस वापरत. पिठूळ पदार्थाच्या खळीला ती ताकद नसते. पर्किन्स यांनी विशिष्ट स्टार्चवर प्रक्रिया करून सरसाच्या तोडीची खळ तयार केली आणि ती प्रक्रिया वर्णिलीही. दावा मात्र असा लिहिला की सरसाचे गुणधर्म असणारी कोणतीही स्टार्चची खळ त्यात यावी. न्यायमूर्ती स्टोन यांनी हे अमान्य केले. घटकद्रव्ये न सांगता केवळ उपयोगावरून वर्णन केले तर वेगळ्या स्टार्चपासून वेगळ्या रीतीने तितकीच चांगली खळ करणाऱ्या पुढच्या माणसाचा मार्गच बंद होतो, हे टॅनी यांचेच कारण येथे पुन्हा आले.

१९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या टंगस्टन तारेचा दावा याच कारणाने कोसळला. तापल्यावर तार लोंबू नये एवढ्या आकाराचे व ठेवणीचे तिचे कण असावेत, असे दाव्यात लिहिले होते. ते कण किती मोठे आणि कोणत्या ठेवणीचे, याचे उत्तर एवढेच : तार लोंबणार नाही इतके. जुन्या तारेहून नवी तार जेथे वेगळी होते, नेमक्या त्याच जागी रचनेऐवजी परिणाम लिहिला गेला, हे न्यायालयाला खटकले. 'नावीन्याच्या नेमक्या जागी कार्यवाचक भाषा' हे आक्षेपाचे सूत्र परीक्षकांच्या हाती येथून पक्के झाले आणि पुढे कित्येक वर्षे ते यांत्रिकपणे वापरले गेले.

तेलविहिरीतील प्रतिध्वनी

या मालिकेचा कळस म्हणजे १९४६ चा हॅलिबर्टन विरुद्ध वॉकर हा निकाल. तेलाच्या विहिरीत द्रवाची पातळी किती खोल आहे हे समजल्याशिवाय पंप नीट चालविता येत नाही. विहिरीच्या तोंडाशी ध्वनी निर्माण करून द्रवावरून येणारा प्रतिध्वनी नोंदविण्याची पद्धत पूर्वीपासून होती. परंतु विहिरीतील वायूत ध्वनीचा वेग स्थिर नसल्याने निव्वळ वेळेवरून खोली काढणे भरवशाचे नव्हते. विहिरीत सोडलेल्या नळ्या ठराविक अंतरावर जोडलेल्या असतात आणि प्रत्येक सांध्यावरूनही क्षीण प्रतिध्वनी येतो. वॉकर यांनी यंत्राला एक ध्वनिअनुनादक नळी जोडली, सर्वसाधारणपणे एका नळीखंडाच्या एकतृतीयांश लांबीची. त्यामुळे सांध्यांचे प्रतिध्वनी स्पष्ट उमटू लागले आणि ते मोजले की खोली निघू लागली. जणू विहिरीतच मोजपट्टी मिळाली.

दाव्यात मात्र नळीचा उल्लेख नव्हता. सांध्यांचे प्रतिध्वनी एकमेकांपासून स्पष्ट वेगळे कळावेत म्हणून ग्रहणयंत्रणेला त्यांच्या कंपनसंख्येशी जुळवून घेणारे 'साधन', एवढेच लिहिले होते. हॅलिबर्टन कंपनी त्याच कामासाठी विद्युत गाळक वापरीत होती. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी दावा अनिश्चिततेच्या कारणावरून रद्द केला. जुन्या संयोगात घातलेला जो नवा घटक, त्याचेच वर्णन केवळ कार्याने केले. तेच काम करणारी आजची आणि उद्याची किती साधने असतील याला मर्यादा नाही. आणि मग प्रयोगशील माणसाला पुढे पाऊल टाकण्याची भीती वाटेल.

पेटंट वकिलांच्या वर्तुळात या निकालाने खळबळ उडाली. त्या काळातील असंख्य पेटंटांत 'अमुक करणारे साधन' हीच रीत रूढ होती. १९५२ च्या नव्या पेटंट कायद्याचा मसुदा पेटंट कार्यालयातील पी. जे. फेडरिको आणि वकील जाइल्स रिच यांनी प्रामुख्याने तयार केला, आणि त्याच्या कलम ११२ मध्ये एक परिच्छेद आला. संयोगाच्या दाव्यातील घटक रचना न सांगता 'अमुक कार्य करणारे साधन' किंवा 'पायरी' अशा रूपात मांडता येईल. आणि अशा दाव्याचा अर्थ विनिर्देशात वर्णिलेली तत्संबंधी रचना, द्रव्य किंवा कृती आणि त्यांचे समतुल्य, असा लावला जाईल. १९७५ च्या दुरुस्तीनंतर हाच सहावा परिच्छेद झाला आणि २०११ च्या कायद्याने त्याला ११२(एफ) हे नाव मिळाले.

तडजोड चतुर होती. पूर्वार्धात वकिलांना त्यांची भाषा परत मिळाली; उत्तरार्धाने त्या भाषेला विनिर्देशाच्या खुंटीला बांधले. वॉकर यांचा दावा या कायद्याखाली आला असता तर तो रद्द न होता 'अनुनादक नळी आणि तिचे समतुल्य' असा वाचला गेला असता. मग विद्युत गाळक नळीचे समतुल्य ठरला असता का, हा वाद झाला असता. फेडरिको यांनी १९५४ च्या आपल्या भाष्यात हॅलिबर्टन निकाल निष्प्रभ वा सौम्य झाल्याचे नमूद केले. परंतु ही सवलत नेमकी कोठवर जाते हे पुढे ठरावयाचे आहे, असेही लिहून ठेवले.

एकाच वाक्याची दोन वाचने

ते ठरण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि या काळात एक विलक्षण विसंगती नांदत होती. पेटंट मंजूर झाल्यावर उल्लंघनाचा खटला चालविणारी न्यायालये 'साधन' या शब्दाचा अर्थ विनिर्देशातील रचनेपुरता घेत. पेटंट कार्यालय मात्र असे मानी की तपासणीच्या टप्प्यावर परीक्षकाने शब्दांचा शक्य तितका व्यापक, पण वाजवी अर्थ घ्यावा. त्यामुळे तेच कार्य करणारी कोणतीही जुनी वस्तू सापडली की परीक्षक अर्ज फेटाळू शके, मग अर्जदाराची रचना तिच्याहून कितीही वेगळी असो. कार्यालयाचे समर्थन अगदीच लंगडे नव्हते. या टप्प्यावर अर्जदाराला शब्द बदलण्याची मुभा असते. त्याला खरोखर रचनाच अभिप्रेत असेल तर त्याने ती दाव्यात लिहावी. तथापि, कायद्याच्या परिच्छेदात 'केवळ न्यायालयांसाठी' असे कोठेही म्हटलेले नव्हते.

१६ फेब्रुवारी १९९४ रोजी फेडरल सर्किट न्यायालयाच्या पूर्ण पीठाने डोनाल्डसन प्रकरणात या विसंगतीचा शेवट केला. वस्तू होती कारखान्यातील हवा गाळणारे धूळसंग्राहक यंत्र. हवेचा झोत मारून गाळण्या झटकल्या की धूळ खालच्या नरसाळ्यात पडते आणि तेथे तिचे थर साचतात. अर्जदाराने नरसाळ्याची तिरपी भिंत लवचिक पडद्यासारखी केली. झोताच्या दाबाने ती हलते आणि धूळ खाली सरकते. दाव्यात लिहिले होते : दाब वाढताच धूळकण खाली सरकविणारे साधन. कार्यालयाने ते जुन्या एका यंत्रात सापडल्याचे ठरविले. न्यायालयाने सांगितले की परीक्षकालाही विनिर्देश उघडून पाहणे बंधनकारक आहे. 'साधन' म्हणजे तेथील लवचिक भिंत आणि तिचे समतुल्य, आणि जुन्या यंत्रात तशी भिंत नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते जाइल्स रिच, १९५२ च्या मसुद्याचे एक शिल्पकार. त्या वेळी त्यांचे वय ८९ वर्षांचे होते. स्वतः घडविलेल्या वाक्याचा अर्थ बेचाळीस वर्षांनी अधिकृतपणे सांगण्याचा योग कायद्याच्या इतिहासात फार थोड्यांना आला असेल.

परीक्षकाच्या दैनंदिन कामावर या निकालाचा परिणाम खोल झाला. आता त्याला प्रथम कार्य ओळखावे लागते, नंतर विनिर्देशात त्या कार्याशी स्पष्टपणे जोडलेली रचना शोधावी लागते, आणि मगच पूर्वज्ञात वस्तूशी तुलना करावी लागते. जुन्या वस्तूत तीच रचना नसेल तर जी आहे ती समतुल्य आहे का हे पाहावे लागते : ती तेच कार्य जवळपास त्याच रीतीने करून तोच परिणाम साधते का, त्या क्षेत्रातील जाणकार दोहोंना अदलाबदलीच्या वस्तू मानतात का, फरक नगण्य आहे का. आणि विनिर्देशात तशी रचनाच सापडली नाही तर? मग दावा अनिश्चित ठरतो. हॅलिबर्टनचा आक्षेप अशा रीतीने मागील दाराने परत आला. मात्र या वेळी तो दाव्याच्या शब्दांवर नव्हता, विनिर्देशाच्या रितेपणावर होता.

पॉपकॉर्नचे झाकण

सर्वच कार्यवाचक शब्द 'साधन' या साच्यात येत नाहीत. एखादी वस्तू रचनेने सांगून पुढे तिच्या गुणाचा कार्यवाचक उल्लेख केलेला असतो. १९७१ च्या स्वाइनहार्ट प्रकरणात बेरियम फ्लोराइड आणि कॅल्शियम फ्लोराइड यांच्या वितळवून थिजविलेल्या मिश्रणाला 'अवरक्त किरणांना पारदर्शक' असे विशेषण लावले होते. नावीन्याच्या जागी कार्यवाचक भाषा आली, हा परीक्षकाचा ठरीव आक्षेप न्यायालयाने मोडून काढला : अशा भाषेत मुळात दोष काही नाही, तिची सीमा कळते की नाही एवढेच पाहावे. त्याचबरोबर परीक्षकाला एक हत्यारही दिले. तो गुण जुन्या पदार्थात अंगभूतच असावा असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर तसा तो नाही हे सिद्ध करण्यास परीक्षक अर्जदाराला सांगू शकतो.

हे हत्यार किती धारदार आहे हे १९९७ च्या श्रायबर प्रकरणात दिसले. डब्यातून एका वेळी थोड्याच लाह्या बाहेर पडाव्यात असे शंक्वाकृती झाकण अर्जदाराने मागितले. परीक्षकाने एक जुने स्विस पेटंट पुढे ठेवले, त्यात तेलाच्या डब्याची शंक्वाकृती तोटी होती. तेल आणि लाह्या यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. न्यायालयाच्या बहुमताचे उत्तर असे की तशी तोटी लाह्या सोडण्यास अंगभूतच समर्थ आहे, आणि ती नाही हे अर्जदाराने दाखविले नाही. जुन्या वस्तूचा नवा उपयोग सांगून वस्तू नवी होत नाही. न्यायमूर्ती पॉलिन न्यूमन यांनी भिन्न मत नोंदविले.

'मॉड्यूल' नावाचे साधन

डोनाल्डसननंतर वकिलांनी 'साधन' हा शब्दच टाळावयास सुरुवात केली. तो शब्द नसेल तर विनिर्देशाची खुंटीही नाही, असा त्यांचा हिशोब. आणि २००४ च्या सुमारास फेडरल सर्किटने तो शब्द नसल्यास परिच्छेद लागू होत नाही असे 'प्रबळ' गृहीतक स्वीकारल्याने त्याला बळ मिळाले. संगणकीय पेटंटांत 'मॉड्यूल', 'युनिट', 'मेकॅनिझम' यांचे पीक आले. दुसरीकडे 'साधन' लिहिणाऱ्यांवरील बंधन कडक होत होते : २००८ च्या ॲरिस्टोक्रॅट प्रकरणात, जुगारयंत्रांच्या संदर्भात, 'योग्य प्रोग्रॅम केलेला संगणक' एवढे सांगणे पुरेसे नाही, कार्य कोणत्या क्रमाने होते ती कार्यरीती द्यावी लागेल, असे ठरले. म्हणजे प्रामाणिकपणे 'साधन' लिहिणारा अडकला आणि 'मॉड्यूल' लिहिणारा सुटला.

१६ जून २०१५ रोजी विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्स या प्रकरणात पूर्ण पीठाने ते 'प्रबळ' हे विशेषण काढून टाकले. दूरस्थ वर्गासाठीच्या प्रणालीतील 'वितरित अध्ययन नियंत्रण मॉड्यूल' हे नाव जाणकाराला कोणतीही ठोस रचना सांगत नाही, ते 'साधन' याचेच दुसरे नाव आहे, आणि विनिर्देशात कार्यरीती नसल्याने दावा अनिश्चित आहे, असा निर्णय झाला. परीक्षकांच्या नियमपुस्तिकेतील त्रिसूत्री चाचणीला यामुळे धार आली. दाव्यात 'साधन' किंवा तत्सम पोकळ शब्द आहे का. त्याला कार्यवाचक शब्द जोडले आहेत का. आणि ते कार्य करण्यास पुरेशी रचना खुद्द दाव्यातच सांगितलेली नाही ना?

पोकळ शब्द कोणता आणि भरीव कोणता, हे ठरविणे परीक्षकाच्या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे. मराठीत किसणी, चाळणी, लाटणे, कातरी ही नावे क्रियेवरून पडली आहेत. पण चाळणी म्हटल्यावर कोणालाही वस्तू दिसते, निव्वळ चाळण्याची क्रिया नव्हे. इंग्रजीतील ब्रेक, क्लॅम्प, स्क्रूड्रायव्हर या नावांविषयी फेडरल सर्किटने १९९६ मध्ये हेच म्हटले होते. कार्यावरून नाव पडले म्हणून रचना नाहीशी होत नाही. 'मॉड्यूल' म्हटल्यावर मात्र काहीच दिसत नाही. दोहोंमध्ये अशी कित्येक नावे असतात, जी पाच-दहा वर्षांपूर्वी पोकळ होती आणि वापराने भरीव झाली. म्हणून परीक्षकाला शब्दकोशाबरोबर त्या क्षेत्राची बोलीही ठाऊक असावी लागते. ७ जानेवारी २०१९ रोजी कार्यालयाने संगणकीय कार्यवाचक दाव्यांबाबत काढलेल्या मार्गदर्शनात परीक्षकाने आपला अन्वयार्थ कागदावर स्पष्ट नोंदवावा यावर भर दिला, तो यामुळेच.

भारतीय कायद्यात ११२(एफ) सारखा परिच्छेद नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १०(५) दावे स्पष्ट, संक्षिप्त आणि विनिर्देशावर रास्तपणे आधारलेले असावेत, एवढेच सांगते. तरीही भारतीय पेटंट कार्यालयाच्या २०१७ च्या संगणकविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, 'अमुक करणारे साधन' या रूपातील दाव्यांना विनिर्देशात भौतिक रचनेचा आधार असला पाहिजे अशी अपेक्षा नोंदविलेली होती. वेगळ्या वाटेने आलेला परीक्षक त्याच प्रश्नापाशी येऊन थांबला.

प्रतिपिंडे आणि जुने तारयंत्र

संगणकाइतकाच कठीण प्रश्न औषधांच्या क्षेत्रात उभा राहिला. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल यकृतातील ग्राहींमार्फत काढून टाकले जाते. पीसीएसके-९ नावाचे प्रथिन त्यात अडथळा आणते. त्या प्रथिनाला चिकटून हा अडथळा दूर करणारी प्रतिपिंडे ॲमजेन आणि सनोफी या दोन्ही कंपन्यांनी स्वतंत्रपणे तयार केली आणि २०११ मध्ये आपापल्या प्रतिपिंडाची पेटंटे मिळविली. ॲमजेनने मात्र २०१४ मध्ये आणखी पेटंटे मिळविली, आणि त्यांत दावा होता तो प्रथिनाच्या ठराविक जागी चिकटणाऱ्या व त्याचे कार्य रोखणाऱ्या सर्वच प्रतिपिंडांवर. विनिर्देशात २६ प्रतिपिंडांची अमिनो आम्लांची क्रमरचना दिली होती. दाव्याच्या कक्षेत येऊ शकणारी प्रतिपिंडे लाखोंच्या घरात असतील, असे सनोफीचे म्हणणे होते. उर्वरित प्रतिपिंडे कशी शोधावीत यासाठी ॲमजेनने दोन पद्धती सांगितल्या होत्या.

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे दावे अमान्य ठरविले. आधार ११२(एफ) चा नव्हता. दाव्याच्या संपूर्ण विस्तारात शोध करता व वापरता येईल इतके ज्ञान विनिर्देशाने द्यावे, या सक्षमतेच्या अटीचा होता. त्या दोन पद्धती म्हणजे प्रयोग करा आणि चुका सुधारा एवढाच उपदेश आहे, असे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी म्हटले. त्यांनी आधार घेतला तो मोर्स यांच्या आठव्या दाव्याचा, सॉयर-मॅन यांच्या दिव्याचा आणि पर्किन्स यांच्या खळीचा.

संपूर्ण वर्गावर हक्क सांगताना त्या वर्गातील प्रत्येक प्रतिपिंड वर्णावे लागत नाही. सर्वांना लागू पडणारा एखादा समान गुण वा नियम दिला तरी चालेल, हे निकालात मान्य केले आहे. असा नियम दिला गेला की नाही हे प्रथम पाहणारा अर्थातच परीक्षक. १० जानेवारी २०२४ रोजी अमेरिकी पेटंट कार्यालयाने आपल्या परीक्षकांना कळविले की त्यासाठी १९८८ च्या वँड्स प्रकरणातील आठ कसोट्याच पूर्वीप्रमाणे वापराव्यात : किती प्रयोग करावे लागतील, विनिर्देशात किती मार्गदर्शन आहे, प्रत्यक्ष उदाहरणे आहेत की नाहीत, शोधाचे स्वरूप काय, पूर्वज्ञान कोठवर आले आहे, त्या क्षेत्रातील माणसाचे कौशल्य किती, परिणाम आधी सांगता येण्याजोगा आहे का, आणि दावा किती रुंद आहे.